छावणीचं पाणी

छावणी कमिटीच्या अध्यक्षांनी नर्सबाईंना फसवलं. शब्द दिला, तो मोडला, आणि मोडल्यामुळं जे झालं त्याचा दोष त्यांच्याच माथी मारला. हे मी ऐकून सांगत नाही. शब्द दिला तेव्हा मी तिथं होतो, मोडला तेव्हा होतो, आणि दोष मारला तेव्हा तर दोघांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

हकिगत निजामाच्या अमलातली. बीडच्या शाळेतली आणि आसपासच्या खेड्यांतली पोरं उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर एका जागी ठेवायची, त्यांना कवायत, पोहणं, कुस्ती शिकवायची, असं गावातल्या काही प्रतिष्ठितांच्या मनात आलं. त्यांनी कमिटी केली. अध्यक्ष झाले एक मोठे जमीनदार. पालीच्या अलीकडं बिंदुसरा नदीच्या काठी त्यांची आमराई होती, छावणी तिथंच ठरली. त्या दिवसांत कुठं माणसं जमवायची म्हटलं की सरकारी परवाना लागे. तालुकदार कचेरीत खेटे घालून परवाना मिळाला तो एका अटीवर. पोरांच्या तब्येतीची जबाबदारी घ्यायला दवाखान्याचं शिकलेलं माणूस पूर्ण वेळ छावणीत राहिलं पाहिजे. सरकारी डॉक्टर महिनाभर आमराईत येऊन राहणार नव्हते. त्यांनी नर्सबाईंचं नाव पुढं केलं.

बाई नगरकडच्या. लहानपणी आईबाप गेले, मिशनमध्ये वाढल्या, तिथंच नर्सिंग शिकल्या. वय तिशीच्या पुढंमागं. उंच, सावळ्या, आणि आवाज असा की नदीपलीकडच्या गुराख्यानं वळून बघावं. बीडच्या दवाखान्यात त्या हंगामी नोकरीवर होत्या. कायम झाल्या असत्या तर आवारातलं घर मिळालं असतं. ख्रिस्ती बाईला, त्यातून एकटीला, बीडात कोणी खोली देत नव्हतं. दवाखान्याच्या सामानाच्या कोठीत, चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी त्यांची खाट होती. कायम व्हायचं तर गावातल्या वजनदार माणसाची शिफारस लागे, आणि छावणी नीट पार पडली की ती देऊ असं अध्यक्षांनी कबूल केलं होतं. म्हणजे बाईंची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर, दोन्ही त्या एका महिन्यावर अवलंबून होतं.

आता मी तिथं कसा, ते सांगतो. माझा बाप सालगडी. मी पोरवयात डोक्यावर मोळी आणून बीडच्या बाजारात विकायचो. त्यातून एक गाडी झाली, मग दुसरी, मग तंबू आणि मोठी भांडी भाड्यानं द्यायला लागलो. छावणीचं जळण, राहुट्या आणि भांडी यांचा ठेका माझ्याकडं होता. मला कोणी हातात काही आणून दिलं नाही, म्हणून मीही कोणाला सहज काही सोडत नाही. लोक मला भांडकुदळ म्हणतात. म्हणोत.

अध्यक्षांच्या बैठकीत बोलणं झालं तेव्हा हेडमास्तर होते, मी होतो, आणि बाई दाराशी उभ्या होत्या. बसा कोणी म्हटलं नव्हतं.

"बाई, छावणी सुखरूप पार पाडा. शिफारस आमच्याकडं लागली," अध्यक्ष म्हणाले.

"शिफारस नंतर. आधी माझी अट ऐका," बाई म्हणाल्या. "पोरांनी किती पळावं, काय खावं, तुम्ही बघा. मी फक्त सुचवीन. पण पाण्याच्या बाबतीत शब्द माझा. शेवटचा."

"पान्यातच कावून एवढा जीव तुमचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"नारू पाण्यातून होतो. हगवण पाण्यातून. पटकी पाण्यातून. राहिलं काय?"

"खरूज," हेडमास्तर म्हणाले.

"ती पाणी अंगाला लागत नाही म्हणून."

अध्यक्ष मोठ्यानं हसले. "दिला शब्द. पानी तुमचं. ठेकेदार, तू साक्षीला हायेस बरं का."

हेडमास्तर घुटमळले. "पण बाईंनी पाण्याला हात लावायचा म्हटल्यावर पोरांचे आईबाप…"

"मी हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. "मी सांगीन, दुसरे करतील. मला पाणी स्वच्छ हवंय, माझ्या हातचंच हवं असं कुठं म्हटलं मी?"

त्या वाक्याला मी मनात दाद दिली. सौदा करताना समोरच्याला हवं ते देऊन टाकायचं आणि आपल्याला हवं ते ठेवून घ्यायचं, हे मला शिकायला निम्मं आयुष्य लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या वखारीवर आल्या. पिण्याचं सगळं पाणी उकळायचं, त्याला रोजचं जास्तीचं जळण लागेल, म्हणाल्या.

"पाणी उकळायचं? बाई, पाणी काय कच्चं असतंय का?"

"असतं. तुमच्या त्या ढिगातल्या बाभळीसारखं." त्यांनी एक ओंडका पायानं सरकवला. "ही काल तोडलीय. धूर देईल, जाळ देणार नाही. मला वाळलेली हवी."

"वाळलेली आचाऱ्यासाठी ठेवलीय. तुम्हाला पाण्यापुरती ही चालंल."

"चालणार नाही."

"मग जास्तीची गाडी मिळणार न्हाई. ठरलं तेवढंच."

मी तापलो होतो. त्या माझ्या मानेकडं बघत होत्या. मानेवर मोठं गळू झालं होतं, डोकं वळवता येत नव्हतं, तरी मी गाड्या हाकत होतो.

"ते किती दिवस बाळगायचंय?" त्यांनी विचारलं. "आज शेकून उद्या फोडून देते. वाळल्या लाकडाची गाडी आमराईत पोचली की."

"ही अडवणूक झाली, बाई."

"तुम्ही काय करत होता मग?"

गाडी पोचली. गळू फुटलं. मान वळायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी गळू तसंही फोडलंच असतं. माझ्या हट्टाचा तेवढा फायदा करून घेतला होता. अशा माणसाशी वैर धरण्यात मजा नाही.

छावणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी पाण्यावरून अडलं. आचारी बीडचा ब्राह्मण. सगळे त्याला महाराज म्हणत. त्यानं चुलाण्याभोवती राखेची रेघ ओढली होती आणि तिच्या आत बाईंनी यायचं नव्हतं. बाई रेघेबाहेर उभं राहून सांगत, महाराज उकळी आणी, गाळी, माठांत भरी. पण पोरं ते पाणी पीत नव्हती. चव लागत नाही म्हणत. त्यातून कोणीतरी पिल्लू सोडलं की त्या पाण्यावर ख्रिस्ती बाईची नजर असते, प्यायलं तर घरी घेणार नाहीत. पोरं कवायत करून तापलेली, आणि चोरून बारवेकडं पळायला लागली. त्या बारवेत पायऱ्या उतरून लोक पाय धूत आणि तिथूनच पाणी भरत. आमच्याकडं नारूनं लंगडणारी माणसं घरोघर होती ती अशा बारवांमुळंच, हे बाई ओरडून सांगत होत्या. पोरं ऐकतात होय.

तेव्हा बाईंनी जे केलं ते सांगतो. त्यांच्या पेटीत लाल दाणेदार औषध होतं, विहिरीत टाकतात ते. त्याची कणभर चिमूट त्यांनी कागदावर घेतली आणि महाराजापुढं धरली.

"महाराज, औषधाला विटाळ आहे का?"

महाराजानं विचार केला. "औषधाला कसला? औषध कोणाच्याबी हातचं चालतं."

"मग हे औषध प्रत्येक माठात टाका."

माठातलं पाणी गुलाबी झालं. बाई पोरांकडं वळल्या आणि त्या आवाजात म्हणाल्या, "आजपासून छावणीत पाणी नाही. हे औषध आहे. तहान लागली की घ्यायचं. ज्याला घरी कोणी विचारील त्यानं सांगायचं, मी पाणी प्यायलो नाही, औषध घेतलं."

पोरं खुश. गुलाबी पाणी प्यायला रांग लागली. कोण जास्त औषध घेतो याची पैज लागली. जे आईबाप कुरकुरत होते त्यांनाही औषधाला नाही म्हणता येईना. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर मालाचं नाव बदलून गाडी सोडवणारे लई व्यापारी मी पाहिलेत, पण इतक्या लोकांना हसत हसत नाक्यापार करणारं माणूस पाहिलं नव्हतं.

मी नंतर विचारलं, "बाई, खरं सांगा. त्या लाल दाण्यानं काय होतं?"

"थोडं होतं. खरं काम तुमच्या लाकडानं झालेलं असतं. रंग लोकांसाठी."

पुढचे दिवस छावणी घड्याळासारखी चालली, आणि ती बाईंनी चालवली. सकाळी कवायतीआधी पोरांची रांग लागे. जीभ, नखं, डोळे. पोरं त्यांना पाठीमागं 'जीभबाई' म्हणायची. एकदा एकानं तोंडावरच म्हटलं तर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, आता काढ." डोळे आलेलं पोरगं दिसलं की त्याचा टॉवेल, त्याचा तांब्या वेगळा. खरजेला गंधकाचं मलम, तेही पोरानं स्वतः चोळायचं आणि त्यांनी उभं राहून बघायचं. माझा लाकडं तोलायचा मोठा काटा त्यांनी आमराईत टांगून घेतला आणि त्याच्या पारड्यात पोरांना बसवून वजनं केली. पोरं पारड्यात बसायला भांडायची. मी म्हटलं, काटा बिघडंल. त्या म्हणाल्या, तो आधीपासून तुमच्या बाजूला झुकतोच आहे, पोरांनी जरा सरळ होईल.

दुपारची कवायत त्यांनी बंद पाडली. हेडमास्तरांना शिस्त हवी होती, ऊन असो की काही. बाईंनी त्यांना सुचवलं, त्यांनी मान डोलवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा भर उन्हात शिट्टी वाजवली. बाई एक शब्द न बोलता रांगेत पोरांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, तुम्हीपण या इकडं. सावलीतनं शिट्टी वाजवली तर पोरांना कळत नाही." हेडमास्तर उन्हात आले. थोड्या वेळात त्यांनीच कवायत मोडली. त्यानंतर दुपारी पोरं आंब्याखाली आडवी आणि उठल्यावर कैरीचं पन्हं.

शौचासाठी नदीच्या खालच्या अंगाला चर खणले होते. गेल्यावर राख टाकायची, नाही टाकली तर दुसऱ्या दिवशी सगळ्या चरावर त्यानंच टाकायची. विंचू चावला तर पोराला मांडीवर घेऊन बसत, आणि ते रडायला लागलं की त्याला विंचवाच्या अशा खोट्या गोष्टी सांगत की शेवटी ते पोरगं म्हणे, बाई, आता पुरं. आणि कुस्ती चुकवायला पोट दुखतंय म्हणणाऱ्या एका गब्रू पोराला त्यांनी इतक्या मायेनं एरंडेल पाजलं की पुढं पूर्ण छावणीत कोणाचं पोट दुखलं नाही.

मी रोज जळण घेऊन जायचो. खरं तर गाडीवान पाठवून भागलं असतं.

मग आखिती आली, अक्षय्य तृतीया.

आमच्याकडं त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याचं दान देतात. नवी घागर आणायची, घरच्या आडाचं किंवा विहिरीचं पाणी भरायचं, त्यात वाळा टाकायचा आणि ती कोणाच्या तरी तोंडी लावायची. तहानलेल्यानं ते पाणी प्यायलं की पितरांची तहान भागते असं मानतात. त्यात पोरं एकत्र राहतात, उन्हात खेळतात, म्हटल्यावर तिथं पाणी पाजण्याइतकं पुण्य दुसरीकडं कुठं? सकाळपासून आमराईत गाड्या यायला लागल्या. प्रत्येक गाडीत नवी घागर, आपापल्या गावची.

बाईंनी अध्यक्षांना गाठलं. "हे पाणी मुलांना देता येणार नाही. कुठल्या कुठल्या विहिरींचं आहे."

"आजच्या दिवशी पान्याला न्हाई म्हनायचं? बाई, तुमच्यात पितर न्हाईत काय?"

"आहेत. त्यांना पटकीनं नेलं."

बाईंनी मधला मार्ग काढला आणि तो माझ्या मते अव्वल होता. त्या बायकांकडं वळल्या. "सगळ्यांनी आपापली घागर या मोठ्या हंड्यात ओता. आम्ही उकळतो आणि सगळ्या मुलांना पाजतो. म्हणजे तुमच्या घागरीचं पाणी एका मुलाच्या नाही, सगळ्यांच्या तोंडी लागेल. सगळ्या गावच्या पितरांना सगळ्या गावचं."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "ह्ये बरं हाय की. एका दमात गावजेवण." हसू फुटलं. दोघींनी तर ओतायला घागरी उचललेल्या मी पाहिल्या.

तेवढ्यात अध्यक्षांच्या स्वतःच्या गावची गाडी आली. गाडीत त्यांच्या भावकीतली एक बाई, मांडीवर घागर. नर्सबाई पुढं झाल्या. रोज करत तशा त्या प्रत्येक गाडीवाल्याला विचारत होत्या, घरी सगळे बरे ना. तिलाही विचारलं.

"बरी हायेत," ती म्हणाली. "सासूबाई येनार होत्या, पन त्यांचं पोट जरा धरलंय."

"पोट धरलंय म्हणजे? जुलाब?"

ती इकडंतिकडं बघायला लागली. आमच्याकडं पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, नाव तोंडानं घेत नाहीत. घेतलं की ती घरात येते असं मानतात. पोट धरलंय, कसर आहे, असं काहीतरी म्हणायचं.

"आनिक कोनाचं धरलंय?" मी विचारलं.

"वस्तीवर दोघा-तिघांचं," ती खाली बघून म्हणाली.

बाईंनी दोन्ही हात आडवे केले. "ही घागर उतरवायची नाही. हंड्यातही नाही. गाडी इथूनच परत न्या."

आता ही घागर अध्यक्षांच्या गावची, त्यांच्या भावकीची, त्यांच्या आडाची. सगळ्या पाहुण्यांसमोर. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला.

"आमच्या आडाचं पानी वाईट, आं? तीन पिढ्या पितोय आमी."

"अध्यक्षसाहेब, तुम्ही शब्द दिलाय," बाई शांतपणे म्हणाल्या.

"छावणी कोनाची हाय? आमराई कोनाची?" त्यांनी घागर स्वतः उतरवली, एक तांब्या भरून घटाघटा प्यायले, मिश्या पुसल्या. "बघा. मेलो काय? चला रे पोरांनो. आज औषीद न्हाई, आज पानी."

पोरं धावली. इतके दिवस गुलाबी कोमट पाणी प्यायलेली पोरं, आणि समोर वाळ्याची गार घागर. एका घागरीला परवानगी मिळाली म्हटल्यावर बाकीच्याही उघडल्या. मी पुढं जाऊन अध्यक्षांना म्हणालो, "साहेब, मी साक्षी होतो. तुम्ही पाणी त्यांच्याकडं दिलंत."

"ठेकेदार, तू लाकडं टाक आन् गप बस, बे."

मी गप बसलो नाही. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. बाईंनी माझा सदरा मागून ओढला. "ओरडू नका. आता त्याचा उपयोग नाही. आणखी एक गाडी जळण कधी पोचेल तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं आंब्याखाली आडवी होती आणि एक सुताराचं पोर उठून चराकडं पळालं. मग परत पळालं. तिसऱ्या वेळी ते वाटेतच बसलं. त्याचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं होतं. बाईंनी एकदा पाहिलं आणि शिट्टी हेडमास्तरांच्या हातून काढून घेतली.

पुढं संध्याकाळपर्यंत एकामागून एक पोरं पडत गेली. मी माणसं घाबरलेली पाहिलीत; आग लागल्यावर पाहिलीत, पूर आल्यावर पाहिलीत. पण त्या दुपारी हेडमास्तर तीच हजेरी पुन्हा पुन्हा वाचत होते. अध्यक्षांना निरोप गेला. निरोप्या सांगत आला की साहेब बाहेरगावी गेलेत. पोरांना ज्याच्या त्याच्या घरी पाठवून द्या, असं हेडमास्तर म्हणायला लागले.

"एकही मूल इथून हलणार नाही," बाई म्हणाल्या. "घरोघर गेली तर गावोगाव जाईल." हेडमास्तर बाजूला झाले.

त्यांनी आमराईचे दोन भाग केले. मध्ये माझे तंबूचे दोर बांधले. पडलेली पोरं एकीकडं, धडधाकट दुसरीकडं. इकडचं भांडं तिकडं नाही, इकडचा माणूस तिकडं नाही. मळलेले कपडे जाळायचे, वापरायचे ते माझ्या भांड्यांत उकळायचे. माझी भाड्याची भांडी. मी त्या दिवशी त्यांच्याशी घासाघीस केली नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

पोरांना तांदळाची पातळ पेज, त्यात मीठ, थोडी साखर. चमच्यानं. पोरगं ओकलं की पुसायचं, थांबायचं, पुन्हा चमचा.

"ओकतंय तर कशाला पाजायचं, बाई?" मी विचारलं.

"जेवढं जातंय तेवढं आत टाकायचं. टाकी फुटलीय म्हणून पाणी भरायचं थांबवता का तुम्ही? जास्त भरता."

पेज उकळायला महाराज एकटा पुरा पडेना. एका भांड्यात मीठ जास्त पडलं, दुसऱ्यात पडलंच नाही. बाई रेघेच्या बाहेर उभ्या राहून सांगत होत्या, इतकं घाला, आणखी इतकं, आणि महाराजाच्या डोळ्यांतून धुरानं का कशानं पाणी येत होतं. शेवटी त्यानं पळी खाली ठेवली.

"बाई, आत या," तो म्हणाला.

"रेघ?"

"असू द्या तिथंच. तुम्ही या."

बाई आत गेल्या आणि चुलीशी बसल्या. पुढच्या दिवसांत त्या तिथून पोरांकडं आणि पोरांकडून तिथं, एवढंच चालत होत्या. प्रत्येक वेळी हात साबणानं धूत, आणि आम्ही धुतले नाहीत तर ओरडत. मी जन्मात इतके हात धुतले नव्हते. हेडमास्तर दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले आणि चांगले लागले, हे मी कबूल करतो. त्यांनी चर बुजवले, चुना टाकला, धडधाकट पोरांना झाडाखाली बसवून पाढे म्हणून घेतले.

सुताराच्या पोराचे डोळे खोल गेले होते, आवाज बसला होता, बोटांची कातडी पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली होती. त्याचा बाप दोराच्या पलीकडं उभा राहून नुसता बघत होता. बाई त्याला म्हणाल्या, "उभं राहून काय होतंय? तिथली पळ्या-पातेली उचला, उकळायला टाका." तो बाप कामाला लागला आणि थोडा धीरावला. ते पोर पुढं लघवीला गेलं तेव्हा बाई मांडी ठोकून हसल्या. मला काही कळेना. "लघवी झाली म्हणजे पाणी अंगात राहायला लागलं," त्यांनी सांगितलं. "आता हे वाचतंय."

ते वाचलं. सगळी वाचली. छावणीतलं एकही पोर गेलं नाही. आणि अध्यक्षांच्या गावात, त्याच आडाचं पाणी पिणाऱ्या वस्तीवर माणसं गेली. घागर आणणाऱ्या बाईची सासू गेली. तिथं शिकलेलं माणूस नव्हतं, आणि पटकी आहे असं कोणी वेळेत बोललं नव्हतं.

छावणीतून आजाराची बातमी कचेरीत पोचली होती. सरकारला जबाब द्यायचा होता, म्हणून शाळेत कमिटी बसली. आता अध्यक्ष बाहेरगावाहून परत आले होते. महाराज, मी आणि बाई, तिघांना बोलावलं होतं. बाई पुन्हा दाराशीच उभ्या.

अध्यक्षांनी महाराजाला विचारलं, "बाई चुलीपाशी आल्त्या का न्हाई?"

"आल्त्या, साहेब. पन पोरं पडल्यावर…"

"कवा ते न्हाई इचारलं. आल्त्या का न्हाई?"

महाराजानं माझ्याकडं बघितलं. "आल्त्या."

"झालं तर. परक्या हातचं पानी, त्यात लाल औषीद. पोरांच्या पोटाला मानवलं न्हाई. असं लिहा, मास्तर."

"घागर कोणाच्या आडाची होती ते लिहा आधी," मी म्हणालो. मग ओरडलो. मग दोघं उठले आणि मला दाराबाहेर काढलं. पण खिडकी उघडी होती आणि मी तिथंच उभा राहिलो.

बाईंचा आवाज पहिल्यांदा हळू ऐकला. "माझी अट तुम्हाला मान्य होती की नव्हती, अध्यक्षसाहेब?"

"छावणीत कितीक गोष्टी मान्य होत्यात, बाई."

"बरं. मग जबाबात आणखी एक ओळ घाला. एकही मूल दगावलं नाही. एवढीच."

हेडमास्तरांनी टाक उचलला. अध्यक्ष म्हणाले, "त्याची गरज न्हाई." हेडमास्तरांनी टाक ठेवला.

शिफारस तर गेलीच. हंगामी नोकरीही गेली, आणि नोकरीबरोबर कोठीतली खाट. मी माझी गाडी जुंपली आणि बाईंना नगरकडच्या इंग्रजी हद्दीपर्यंत सोडलं. वाटेत त्या अध्यक्षांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या डाव्या बैलाच्या खांद्यावरच्या जखमेबद्दल मात्र बराच वेळ बोलल्या, आणि परत जाताना त्याला जुंपायचं नाही असं बजावलं. मी म्हटलं, मग गाडी काय मी ओढू? त्या म्हणाल्या, एक बाजू तुम्ही ओढा, तुमच्यात तेवढा जोर आहे, नुसता ओरडण्यात वाया जातो. नाक्यापाशी उतरल्या, पेटी उचलली आणि गेल्या. पुढं त्या कुठं राहिल्या, कोणत्या दवाखान्यात लागल्या, लागल्या की नाही, मला कळलं नाही. मी चौकशी केली. नगरकडून येणाऱ्या गाडीवानांना विचारत राहिलो.

त्या छावणीतली पोरं आता बापे झालेत. काहींची लेकरं शाळेत जातात. भेटले की कुस्तीच्या गोष्टी सांगतात, गुलाबी पाण्याच्या सांगतात, आणि त्यांतल्या कित्येकांना अजूनही वाटतं की आपण बाईच्या हातच्या पाण्यानं आजारी पडलो. घरी तसंच सांगितलं गेलं. कचेरीतल्या कागदावरही तसंच आहे.

अध्यक्ष हयात आहेत. अजून लग्नकार्यात पहिलं पान त्यांचं असतं, आणि त्या छावणीचं नाव निघालं की लोक त्यांचं कौतुक करतात. मी त्यांच्या तोंडावर दोनदा विचारलंय, दोन्ही वेळा त्यांनी पानाचा डबा पुढं केला. आता लिहून विचारतो, म्हणजे डबा पुढं करता येणार नाही. पाणी बाईंकडं दिलं होतं, ते आखितीला काढून का घेतलं? पोरं पडली तेव्हा तुम्ही कुठं होता? आणि पोरांना जगवणाऱ्या बाईच्या नावावर तुमच्या आडाचं पाप का लिहिलं? तुम्हाला जमत नसेल तर त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकानं उत्तर द्यावं, टाक उचलून ठेवणाऱ्यानंसुद्धा. पण ते उत्तर बैठकीत बसून नको. ज्या पोरांना तुम्ही त्या घागरीचं पाणी पाजलं त्यांना आमराईत बोलवा, आणि त्यांच्यासमोर उभं राहून द्या.